गाडीसाठी पहिला हॅम सेट: यूव्ही-५आर, एफटी-२९८०आर की आयसी-२७३०ए?

पाच वॅटचा बाओफेंग यूव्ही-५आर टपावरच्या अँटेनाला जोडला, की तो गाडीत बसून हातात धरलेल्या पन्नास वॅटच्या हँडसेटच्या तोडीचं काम करतो. पन्नास वॅटचा हँडसेट कुणी बनवत नाही हा भाग सोडा. मुद्दा असा की रबरी अँटेना आणि गाडीचा पत्रा हे दोघे मिळून दहा डेसिबेल (सिग्नल किती पट वाढला-घटला याचं माप) सहज खातात, आणि पाच वॅटवरून पन्नास वॅटवर गेलं तरी हाती लागतात ते दहाच डेसिबेल. ऑफरोड ताफ्यात एकमेकांशी बोलायला पहिला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, सेट निवडताना बहुतेक जण वॅट मोजत बसतात. इथे तीन सेट तपासले आहेत, पण या लेखात सर्वात जास्त जागा अँटेनाने घेतली आहे, ती यामुळेच.

आधी परवान्याचं उरकून घेऊ. हॅमला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तो माणसाला मिळतो, गाडीला नाही. त्यामुळे ताफ्यातल्या प्रत्येक गाडीत किमान एक परवानाधारक हवा. बोलताना आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्याची ओळख-अक्षरं, सांगावी लागते आणि धंद्यासाठी ही सेवा वापरता येत नाही. म्हणजे पैसे घेऊन सहली नेणाऱ्याने आपला ताफा हॅमवर चालवायचा नसतो. परीक्षाच द्यायची नसेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. आपल्या देशात विनापरवाना चालणारी जी सेवा असेल, तिच्यासाठी मान्यता असलेले सेट घ्या. यूव्ही-५आर घेऊन त्या चॅनेलवर बोलणं हा मधला मार्ग नव्हे. उदाहरणार्थ, युरोपातल्या पीएमआर-४४६ या विनापरवाना वॉकीटॉकी सेवेला मर्यादा अर्ध्या वॅटची आहे आणि अँटेना काढता न येणारी लागते. यूव्ही-५आर दोन्ही अटी मोडतो.

बाओफेंग यूव्ही-५आर

२०१२ च्या सुमारास हा सेट आला आणि नवशिक्यांच्या हाती हॅम पोचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. दोन मीटर (१४६ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि सत्तर सेंटिमीटर (४३८ च्या आसपास) असे हॅमचे दोन्ही बँड, १२८ मेमरी, १८०० एमएएचची बॅटरी. कागदावर पाच वॅट आहेत, प्रत्यक्षात चारच्या आसपास मिळाले तरी समाधान माना. हा फरक एक डेसिबेलचा आहे आणि कानाला कळत नाही.

त्याचे दोष आधी सांगितलेले बरे. पहिला म्हणजे हा सेट हॅम बँडच्या बाहेरही प्रसारण करतो: १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ एका बाजूला आणि ४०० च्या पुढे दुसऱ्या बाजूला. पोलीस, जहाजं, वनखातं यांच्या फ्रीक्वेन्सी याच पट्ट्यात कुठेतरी असतात. चुकून बटण दाबलं तर तो निमूट पाठवतो. संगणकावरून प्रोग्रॅम करताना प्रसारणाच्या सीमा हॅम बँडपुरत्या घालून ठेवा, हे पहिलं काम. दुसरा दोष, काही नगांतून मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुपटी-तिपटीवरही नको इतका सिग्नल बाहेर पडतो. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेत तपासलेले बरेच नग याच कारणाने नापास झाले आहेत. तिसरा, रिसीव्हर स्वस्तातला आहे. शहरात मोठ्या टॉवरजवळ बाहेरची अँटेना जोडली की तो बहिरा होतो किंवा भलतंच काही ऐकवतो. गंमत अशी की ऑफरोडवाल्याला हा तिसरा दोष सर्वात कमी जाचतो, कारण जिथे तो जातो तिथे टॉवर नसतात.

सेट हाती आल्यावर मेनूतल्या काही गोष्टी लगेच बदलाव्यात. मेनू ७, टीडीआर, बंद करा. हा दोन चॅनेलवर आळीपाळीने कान देतो, एकाच वेळी दोन्ही ऐकत नाही. आणि खालच्या चॅनेलवर कुणी बोललं की तुमचं उत्तर काही क्षण तिकडेच जातं. ताफ्यात "मी बोलतोय, कुणी ऐकतच नाही" ही तक्रार निम्म्या वेळा यामुळेच असते. मेनू ३, सेव्ह, म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी सेट मधेमधे डुलकी काढतो, आणि समोरच्याचं पहिलं अक्षर गिळतो. "थांबा, पुढे दरड" मधलं "थांबा" ऐकू आलं नाही तर पुढच्या शब्दांचा उपयोग काय? गाडीत चार्जिंगची सोय असेल तर तो बंदच ठेवा. मेनू ३९ मधला रॉजर बीप, म्हणजे बोलणं संपल्यावर जाणारा सूर, बंद करा, मेनू १४ मधला बोलका आवाजही. बाजूचं कॉल बटण दाबून धरलं की अलार्म वाजतो आणि सेटिंगनुसार तो प्रसारितही होतो. सीटच्या फटीत सरकलेला सेट ते बटण स्वतःच दाबून घेतो, म्हणून अलार्मचा प्रकार 'साइट' वर ठेवा. मग गोंगाट निदान आपल्याच गाडीत राहतो.

मेनू ५ कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तिथे सिग्नलचा पट्टा रुंद की अरुंद, हे ठरतं. ताफ्यातल्या एकाचा सेट अरुंदवर आणि बाकीच्यांचे रुंदवर असतील तर त्या एकाचा आवाज सगळ्यांना खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक येतो, आणि त्याला बाकीच्यांचा फाटका ऐकू येतो. दोष माइकचा समजून लोक सेट बदलतात.

हाताने मेमरी भरणं शक्य आहे, पण रिपीटरसाठी (आपला सिग्नल ऐकून उंचावरून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रासाठी) एकाच चॅनेलमध्ये आधी ऐकायची आणि मग पाठवायची फ्रीक्वेन्सी अशी दोनदा साठवावी लागते, तीही फक्त वरच्या ओळीतून. एकदा करून बघा, मग आपोआप केबल मागवाल. चर्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरायचं. पहिल्यांदा सेटमधली माहिती उतरवून घ्या आणि ती फाइल न बदलता वेगळी ठेवून द्या. मग तिच्या प्रतीत बदल करून परत चढवा. एका सेटची फाइल दुसऱ्या फर्मवेअरच्या सेटमध्ये जशीच्या तशी कोंबू नका, चॅनेल नुसते नकलून घ्या. "रेडिओ उत्तर देत नाही" असा संदेश आला तर दहातल्या आठ वेळा दोन पिनांची केबल पूर्ण आत गेलेली नसते: ती टक असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते, कधी कडेचं प्लास्टिक किंचित तासावं लागतं. उरलेल्या वेळा केबलमधली चिप नकली असते आणि नवा ड्रायव्हर तिला ओळखत नाही. एफटीडीआय चिपची केबल घेतली की हा प्रश्नच येत नाही.

रिपीटरचं गणितही इथेच. दोन मीटरवर ऐकणं आणि पाठवणं यांत बहुधा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. बहुतेक रिपीटर उघडायला सीटीसीएसएस टोन, म्हणजे बोलण्याखाली सतत जाणारा खर्जातला सूर, लागतो, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झ. टोन मेनू १३ मध्ये, म्हणजे पाठवण्याच्या बाजूला द्या. मेनू ११ मध्येही तोच भरला आणि रिपीटर परतीच्या सिग्नलवर टोन पाठवत नसेल, तर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाता आणि तुम्हाला कुणीच ऐकू येत नाही.

अँटेना, म्हणजे खरा सेट

सोबत येणारी रबरी अँटेना खिशात बरी. तिच्या जागी ३९ सेंटिमीटरची लवचिक नागोया एनए-७७१ लावली तर फरक पडतो, पण ती अस्सल असली तर. या मॉडेलच्या नकला मुबलक आहेत. लक्षात ठेवा, यूव्ही-५आरच्या अंगावर एसएमए या छोट्या अँटेना-जोडाचा पिनवाला प्रकार आहे आणि अँटेनाला मादी जोड लागतो. यासू-आयकॉमच्या बहुतेक हँडसेटचं नेमकं उलट असतं. मित्राची अँटेना उसनी घेऊन भागेल या भरवशावर राहू नका.

गाडीसाठी मात्र टपावर चुंबकी पाया आणि त्यावर पाव तरंगलांबीची सळई, एवढंच हवं. १४६ मेगाहर्ट्झला ती साधारण ४९ सेंटिमीटर भरते. तीच सळई ४३८ च्या आसपास पाऊण तरंगलांबीची होते, म्हणून सत्तर सेंटिमीटरवरही चालून जाते. दुकानदार सव्वा मीटरची पाच-अष्टमांश तरंगलांबीची अँटेना पुढे करील, जास्त गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद) म्हणून. ती नाकारा. पहिली फांदी लागली की ती आडवी होते, आणि तिचा गेन क्षितिजाकडे एकवटलेला असतो. डोंगराच्या खोबणीत, जिथे रिपीटर डोक्याच्या वर कुठेतरी आहे, तिथे आखूड सळई बहुतेकदा सरस ठरते.

चुंबकाला लोखंड लागतं. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचा टप अॅल्युमिनियमचा आहे, फायबरच्या कॅनॉपीचं तर सांगायलाच नको. अशा ठिकाणी बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या टायरच्या कडीला ब्रॅकेट लावतात. बॉनेटवर पाव तरंगलांबीची सळई चालते, पण ब्रॅकेटच्या स्क्रूखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्याशी जोड यायला हवा. हे न करता लावलेली अँटेना म्हणजे नुसती शोभा. खरवडलेल्या जागी गंजरोधक लावा. मागच्या टायरच्या कडीवर सपाट पत्रा नसतो, तिथे ग्राउंड प्लेन (सळईखालचा पत्र्याचा आधार) न लागणारी अर्ध्या तरंगलांबीची अँटेना घ्या. छिद्र पाडायची तयारी असेल तर टपाच्या मध्यावर १९ मिलिमीटरचा एनएमओ पाया बसवा. सर्वात चांगलं काम तोच करतो आणि फांद्यांनी निघूनही जात नाही. चुंबकाचा पाया फांदीने सरकतो, त्याखाली अडकलेली धूळ रंगावर कानस फिरवल्यासारखी चालते. प्रवासात रोज तो उचलून पुसावा.

केबल दारातून आत घेताना ती दाराच्या कडीजवळ चिरडणार नाही अशी जागा शोधा, शक्यतो मागच्या दाराच्या रबराखालून. आरजी-५८ जातीची केबल चार-पाच मीटर असेल तर दोन मीटर बँडवर एक डेसिबेलच्या आसपास जातो, तेवढं सहन करा. बारीक आरजी-१७४ त्याहून जास्त खाते, म्हणून ती लांब नको. आणि जाड केबल सरळ हँडसेटच्या एसएमए जोडाला कधीच लावू नका. खडबडीत वाटेवर केबलच्या वजनाने तो जोड हलत राहतो आणि आतली सोल्डरिंग तुटते. मध्ये वीत-दोन वीत लांबीची बारीक, मऊ जोडकेबल टाका, म्हणजे ओढ तिच्यावर पडते.

सळई कापण्याआधी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परतते याचं माप, बघा. मीटर उसना मिळतो, किंवा नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र घ्या. सर्वात कमी एसडब्ल्यूआर हव्या त्या फ्रीक्वेन्सीच्या खाली मिळत असेल तर सळई लांब आहे. तीन मिलिमीटर कापले की बिंदू सुमारे एक मेगाहर्ट्झ वर सरकतो. एकदम सेंटिमीटर उडवला तर परत जोडता येत नाही. दीडच्या आत आणता आलं तर उत्तम, दोनपर्यंत चालेल: दोनला अकरा टक्के शक्ती परतते, तीनला पाव. तीनच्या वर गेलं की गाडीत बसवलेले सेट स्वतःच शक्ती कमी करतात, आणि हँडसेट तर निमूट तापत बसतो. हे माप दारं बंद करून, टपावर जे सामान प्रवासात असणार ते ठेवूनच घ्या. अँटेनाशेजारी लोखंडी कॅरियर आणि जेरीकॅन आले की सगळे आकडे बदलतात.

बसवलेले दोन सेट

यासू एफटी-२९८०आर हा दणकट पण एकमार्गी गडी आहे. फक्त दोन मीटर, ८०, ३०, १० आणि ५ वॅट. ऐंशी वॅटची जाहिरात पाहून भुलू नका: पन्नासच्या तुलनेत तो फायदा दोन डेसिबेलचा आहे आणि त्यासाठी १५ अँपिअर ओढले जातात. तीस वॅटवर ठेवला की सेट गार राहतो आणि पलीकडच्याला फरक जेमतेम कळतो. तरीही हा सेट आवडतो, दोन गोष्टींसाठी. एक, त्याला पंखाच नाही, नुसता भला मोठा हीटसिंक. धुळीत पंखा हाच पहिला मरतो. दोन, स्पीकर समोरच्या बाजूला, तीन वॅटचा. खाली गिअरमध्ये गुरगुरणाऱ्या डिझेल इंजिनावरही आवाज चढतो. तोटा म्हणजे त्याचं तोंड (बटणं आणि पडद्याची पाटी) अंगापासून वेगळं होत नाही. डॅशबोर्डमध्ये जागा नसेल तर हा सेट तुमचा नाही.

आयकॉम आयसी-२७३०ए दोन्ही बँडवर ५०, १५ आणि ५ वॅट देतो आणि खरोखर एकाच वेळी दोन चॅनेल ऐकतो, एकाच बँडवरचे दोन असले तरीही. डाव्या बाजूला ताफा, उजव्या बाजूला रिपीटर. ताफ्यात पुढे चालणाऱ्या गाडीला ही सोय एकदा मिळाली की यूव्ही-५आरची आळीपाळी नकोशी होते. तोंड वेगळं निघतं, अक्षरं मोठी आहेत, केबल सोबत येते. खटकतं ते हे, की माइक तोंडात नव्हे, तर मुख्य डब्यात लागतो आणि स्पीकरही तिथेच आहे. म्हणजे डबा सीटखाली टाकलात तर माइकची वाढीव केबल आणि बाहेरचा स्पीकर, दोन्ही घ्यावं लागतं. तोंड बसवायचे ब्रॅकेटही वेगळे. क्रॉसबँड रिपीट, म्हणजे एका बँडवर ऐकलेलं दुसऱ्यावर पुन्हा पाठवण्याची सोय, नाही. गाडी कड्यावर उभी करून हँडसेट घेऊन खाली दरीत उतरायचं असेल, तर तेवढ्यासाठी दुसरं मॉडेल बघा.

दोन्हींतला निवाडा: ताफ्याची फ्रीक्वेन्सी दोन मीटरवर कायमची ठरलेली असेल आणि गाडी जुनी, प्रशस्त असेल, तर एफटी-२९८०आर. बाकी सर्वांना आयसी-२७३०ए.

वीज आणि घरघर

पन्नास वॅटचा सेट दहा ते तेरा अँपिअर घेतो. तो सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडू नका. तिथली वायर बारीक, फ्यूज अपुरा आणि स्प्रिंगचा स्पर्श तापणारा. लक्षण ओळखायला सोपं: ऐकताना सेट ठीक, बटण दाबलं की बंद पडून पुन्हा चालू. वायर सरळ बॅटरीकडून आणा, चार चौरस मिलिमीटर तांब्याची. चार मीटर अंतराला जाण्यायेण्यात अर्ध्या व्होल्टच्या आत पडझड राहते. लाल वायरवर बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. काळी वायरही थेट बॅटरीला जात असेल तर तिच्यावरही फ्यूज टाका, कारण इंजिनाची अर्थिंग पट्टी तुटली तर स्टार्टरचा प्रवाह तुमच्या सेटमधून परतायला बघतो. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर बसवलेला असतो. तिथे काळी वायर सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या अर्थ बिंदूला जोडा. नाहीतर चार्जिंगचा हिशेब चुकत राहतो.

यूव्ही-५आरला बॅटरीच्या जागी बसणारा नकली बॅटरीचा ठोकळा मिळतो, तो लायटर सॉकेटवर चालतो. पाच वॅटला तेवढं पुरतं. स्वस्त ठोकळ्यातून अल्टरनेटरची शीळ आवाजात मिसळते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर शिळेचा सूर चढत असेल तर दोषी तोच. गाडी सुरू करताना सेट बंद ठेवा.

सेट बरा, अँटेना बरी, तरी दूरचे आवाज खरखरीत बुडत असतील तर गाडीतच चोर शोधा. एलईडी लाइटबार, डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर हे तिघे नेहमीचे. एखादा क्षीण सिग्नल लावून एकेक उपकरण बंद करत जा. सापडलं की त्याच्या वायरवर फेराइटची चिमटी बसवा किंवा सरळ दुसरं घ्या. एवढं न करता पन्नास वॅटचा सेट लावला तर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाल आणि तुम्हाला मात्र कुणी नाही.

वाटेवर किती चालतं

सपाट मोकळ्या जमिनीवर दोन गाड्यांच्या टपावर, दोन-दोन मीटर उंचीवर अँटेना असतील तर रेडिओचं क्षितिज अकरा-बारा किलोमीटरवर संपतं, सेट कितीही वॅटचा असो. झाडी आणि वळणाची दरी आली की ते दोन-तीनवरही येतं, आणि वॅटचा उपयोग असलाच तर इथे, अडथळ्याच्या सावलीत. उलट एक टोक चारशे मीटर उंच कड्यावर असेल तर तेच क्षितिज ८८ किलोमीटरवर जातं. म्हणून अडकलात तर शक्ती वाढवण्याआधी शंभर पावलं वर चढा, हँडसेट घेऊन. बसवलेला सेट असला तरी यूव्ही-५आर सोबत लागतो तो इथे, आणि खडकातून गाडी काढताना बाहेर उभं राहून दिशा सांगणाऱ्याच्या हातात.

त्या वेळी गाडीतला सेट पाच वॅटवर आणा. पन्नास वॅटच्या अँटेनाशेजारी उभ्या माणसाच्या हँडसेटचा रिसीव्हर गुदमरतो, आणि त्या माणसालाही इतक्या जवळ उभं राहणं बरं नाही. ताफ्याची मुख्य आणि राखीव अशा दोन फ्रीक्वेन्सी निघण्याआधी सगळ्यांच्या मेमरीत एकाच क्रमांकावर भरा. कॉलिंग फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे फक्त हाक मारायच्या सामाईक जागेवर, उत्तर अमेरिकेत १४६.५२० किंवा युरोपात १४५.५०० वर, गप्पा मारत बसायचं नसतं. वाटेतल्या रिपीटरचे टोन आणि अंतरं छापून सनव्हायझरला लावा. आणि पहिल्या खडबडीत दिवसानंतर संध्याकाळी ब्रॅकेटचे स्क्रू आणि अँटेनाचा पीएल-२५९ जोड हाताने चाचपा. तो निम्मा सुटलेला असतो, आणि स्क्रूला थ्रेडलॉक लावायचं त्याच वेळी आठवतं.